आधी बोटं मोज, मग नाव घे

पोरी,

शाळेमागच्या पांदणीवर वाघाचा पंजा दिसला म्हणून तुझा सगळा वर्ग तिकडे पळाला, आणि शेवटी गुराख्यानं येऊन सांगितलं की हा गावातल्याच एका दांडग्या कुत्र्याचा पाय आहे, हे तू फोनवर हसत हसत सांगितलंस. मला फारसं हसू आलं नाही. जंगलाला लागून असलेल्या गावात कुत्र्याला वाघ समजणं परवडतं, वाघाला कुत्रं समजणं परवडत नाही. 2022 च्या मोजणीत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले आणि त्यातले सर्वांत जास्त आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. हे सगळे काही ताडोब्याच्या हद्दीत बसून राहत नाहीत. धानाच्या बांधीतून, कापसाच्या धुऱ्यावरून, नाल्याच्या रेतीतून ते रात्री जातात आणि सकाळी त्याच वाटेनं तुझी पोरं शाळेत येतात. तेव्हा पोरांना ठसे आणि लेंड्या ओळखायला कसं शिकवायचं असं तू विचारलंस, ते सांगतोच. वनरक्षक म्हणून पायी फिरून जे अंगवळणी पडलं, आणि माझ्या आधीच्या लोकांनी मला जे सांगितलं, ते तुझ्या कामाला येईल असं निवडून लिहितो. सगळं एका महिन्यात शिकवायला जाऊ नको.

पहिली गोष्ट पोरांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. पोरानं ठशाकडे बोट दाखवून ‘बाई, हा कोणाचा?’ असं विचारलं तर लगेच नाव सांगू नको, तुला येत असलं तरी. ‘बिबट्याचा’ म्हणालीस की पोराचं बघणं तिथंच थांबतं. तो मित्रांना सांगायला पळतो आणि ठशाकडे पुन्हा बघत नाही. उलट त्यालाच विचार. बोटं किती? बोटांच्या पुढे नखं टोचल्याच्या खुणा आहेत का? मागची गादी केवढी, तिची मागची कड कशी? इकडून तिकडे गेलाय की तिकडून इकडे? पुढचं पाऊल कुठे पडलंय? माती ओली आहे की भुगा? एवढं झालं की नाव घ्यायचं, आणि तेही ‘वाटतो’ असं म्हणून. एकाच ठशावरून नाव ठरवायचंच नाही, हा नियम पहिल्या दिवशी घाल. पुढे चालून निदान चार-पाच ठसे मिळाले पाहिजेत. एक अर्धवट असतो, एकावर दुसरा पाय पडलेला असतो, एक उतारावर घसरलेला असतो. सगळे बघितले की खरा आकार डोळ्यांसमोर उभा राहतो.

सुरुवात जंगलात करू नको, अंगणात कर. शाळेच्या नळाजवळ सावलीत हातभर रुंद, दोन हात लांब जागा मोकळी कर, चाळलेली माती चाळणीतून पसर आणि वरून फळीनं हलकेच सपाट कर. आम्ही गस्तीच्या रस्त्यावर आणि पाणवठ्यावर असे मातीचे पट्टे करायचो, खात्यात त्याला पीआयपी म्हणतात. रात्री तिथून जे जाईल ते सकाळी मातीत वाचायला मिळतं. त्यावर खायला काही ठेवायचं नाही, मटण-मासळीचा तुकडा तर मुळीच नाही. शाळेत जनावर बोलावण्याचे धंदे नकोत. आपोआप जे येईल ते येईल. पहिले पंधरा दिवस मांजर, कुत्रं, कोंबडी, शेळी, एखादी घूस आणि चिमण्या, एवढंच मिळेल. तेवढं पुरे आहे. घरचं मांजर ज्याला ओळखता आलं त्याला बिबट्या अर्धा कळला, आणि शेळी ज्याला कळली त्याला चितळ.

मांजर आणि कुत्रं यांत फरक काय, हे पोरांनाच शोधू दे. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत. कुत्र्याची नखं बाहेरच असतात, ती टोचतात. पण यावरच विसंबलीस तर फसशील. निसरड्या चिखलात बिबट्याही नखं काढतो, आणि टणक जमिनीवर कुत्र्याचं नख दिसत नाही. म्हणून गादी बघायची. मांजराच्या कुळातल्या सगळ्यांची गादी पावलाच्या मानानं मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्र्याची गादी लहान, त्रिकोणाकडे झुकणारी असते. आणखी एक सोपी युक्ती आहे. कुत्र्याच्या ठशात बोटं आणि गादी यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून काडीनं फुली मारता येते, रेघा गादीला लागत नाहीत. मांजरकुळात अशी फुली मारायला गेलं की काडी गादीवर चढते.

दुसरी युक्ती पोरांना फार आवडते. उजवा हात जमिनीवर पालथा ठेवायला सांग, अंगठा आत दुमडून. उरलेल्या चार बोटांत सर्वांत पुढे कोण जातं? मधलं बोट, म्हणजे डावीकडून दुसरं. मांजराचंही तसंच असतं. चारांतलं पुढे आलेलं बोट जर मध्याच्या डावीकडे असेल तर तो उजवा पाय, उजवीकडे असेल तर डावा. कुत्र्याची मधली दोन बोटं जवळजवळ सारखीच पुढे येतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही युक्ती तशी चालत नाही. मांजराच्या ठशाशेजारी आपला पंजा टेकवून डावा-उजवा ठरवणारी पोरं बघितलीस की तुला कळेल, याला वेगळं शैक्षणिक साहित्य लागत नाही.

आणि हो, वर्गात शेळ्या चारणारं पोर असेल तर त्याला पुढे घे, तुझ्याहून पुढे. माझ्या बीटात मला जे कळायचं त्यातलं निम्मं गुराख्यांकडून आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायांकडून आलेलं होतं. त्यांना प्राण्यांची पुस्तकातली नावं ठाऊक नसत. पण रोही कोणत्या धुऱ्यावरून शेतात उतरतो आणि रानडुकरं तासाभरापूर्वी गेली की काल रात्री, हे त्यांना विचारावं. एखाद्या शनिवारी अशा एका आजीला किंवा गुराखीबाबांना शाळेत बोलव. त्यांना भाषण करायला लावू नको, पांदणीवर घेऊन जा.

आता मातीबद्दल, कारण इथं शिकलेली माणसंही चुकतात. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी 1966 च्या सुमारास पंज्यांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. 1972 मध्ये देशभरची पहिली मोजणी तिच्यावरच झाली आणि 1827 वाघ निघाले. पुढे कित्येक वर्षं उन्हाळ्यात आम्ही तेच करायचो. ठशावर काच धरायची, वरून पेनानं कड काढायची, ती कागदावर उतरवायची, कुठं जमलं तर प्लास्टर ओतायचं. प्रत्येक वाघाचा पंजा वेगळा ओळखू येतो असा त्यामागे विश्वास होता. 2005 मध्ये राजस्थानच्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं, आणि कागदावर दाखवलेले वाघ रानात का नाहीत असं सगळा देश विचारू लागला. 2006 च्या मोजणीपासून कॅमेरे आले, अंगावरचे पट्टे जुळवून वाघ ओळखायला लागले आणि आकडा 1411 वर आला. पद्धत मांडणाऱ्याची निष्ठा मोठी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकच पाय रेतीत पसरतो, चिखलात मोठा दिसतो, टणक मातीवर थोडकाच उमटतो. चालणारा वाघ आणि दबा धरलेला वाघ यांचे पायसुद्धा वेगळे पडतात. म्हणून ‘हा तोच वाघ’ असं ठशावरून सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. ‘इथून वाघ गेला, या बाजूला गेला, बरोबर कोणी नव्हतं’ एवढं मात्र ठसा चोख सांगतो, आणि गावाला तेवढंच लागतं.

हे पोरांना बोलून सांगू नको, करून दाखव. एकाच पोराला ओल्या चिखलात, कोरड्या फुफाट्यात आणि रेतीत चालायला लाव, आणि तिन्ही ठसे बाकीच्यांना मोजायला सांग. मोजायला आगपेटी पुरते, ती साधारण पाच सेंटीमीटर लांब असते. चितळाचा खूर जवळपास एका आगपेटीएवढा. बिबट्याचा पंजा रुंदीला सात-आठ सेंटीमीटर, मोठ्या नराचा नऊपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते पावणेदोन आगपेटी. पूर्ण वाढलेला वाघ अकरा-बाराच्या पुढे जातो, नर तर बराच पुढे. आता घोळ होतो तो वाघाच्या पिल्लात आणि बिबट्यात, कारण रुंदी सारखी येते. पिल्लाची बोटं गादीच्या मानानं जाड आणि ढोबळ असतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिल्लू एकटं हिंडत नाही, आसपास आईचा मोठा पंजा असतोच. आणि लहान-मोठे पंजे एका वाटेवर दिसले की तिथं अभ्यास करत बसायचं नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

नर-मादी ओळखायची आमच्याकडे एक खूण होती. मागच्या पायाचा ठसा चौकोनात बसला तर नर, लांबट आयतात बसला तर मादी. पोरांना सांगायला हरकत नाही, पण त्यावर पैजा लावू देऊ नको. पुढचा पाय मोठा आणि रुंद, मागचा लांबट, हे मात्र पक्कं. पुष्कळदा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा जरा पुढे पडतो, म्हणून चार पायांचे चार ठसे दिसले नाहीत तर पोरं गोंधळतात.

तरसाचा ठसा कुत्र्याच्या कुळातला वाटतो, चार बोटं आणि बोथट नखं. पण पुढचा पाय मागच्यापेक्षा इतका मोठा असतो की नवख्याला ते दोन वेगवेगळे प्राणी वाटतात. मेलेली ढोरं टाकतात त्या बाजूच्या वाटेवर तो मिळेल. रानकुत्र्याचा ठसा गावठी कुत्र्याहून वेगळा काढणं मलाही अवघड जातं. तो एकटा नसतो, कळपाचे ठसे एकत्र मिळतात, हीच त्याची खूण. कोल्हा लहान आणि अरुंद. मुंगूस आणि उदमांजर यांना पाच बोटं उमटतात. घोरपडीच्या दोन्ही बाजूंच्या पायांमधून शेपटीची वळणावळणाची रेघ ओढलेली असते, ती एकदा दाखवली की पोर जन्मात विसरत नाही.

अस्वलाचं मात्र सावकाश शिकव, कारण आपल्या भागात उन्हाळ्यात माणसाची गाठ त्याच्याशीच जास्त पडते. मागच्या पायाचा ठसा चटकन माणसाच्या अनवाणी पावलासारखा वाटतो, टाच आणि तळवा सगळं उमटतं. पण अंगठा शोधायला गेलं तर सापडत नाही. पाचही बोटं जवळजवळ एका ओळीत असतात. पुढच्या पायाच्या बोटांपासून बरंच अंतर सोडून लांब नखांच्या खाचा दिसतात. त्याच वाटेवर वारूळ उकरलेलं असेल तर मग शंकाच नको.

खुरांत पोरं पटकन तयार होतात, कारण शेळी आणि गाय त्यांच्या घरी आहेत. खुराचं टोक ज्या दिशेला, जनावर त्या दिशेला गेलं. चितळाचा खूर निमुळता आणि टोकदार. सांबराचा तसाच, पण बराच मोठा. रानगव्याचा गाईसारखा गोल आणि दणकट. रानडुकराच्या खुराची टोकं बोथट असतात, आणि मऊ मातीत मागे दोन्ही बाजूंना बाहेर आलेली दोन छोटी टिंबं उमटतात. चितळ धावलं की त्याचीही अशी टिंबं उमटतात आणि खूर फाकतो, म्हणून डुक्कर म्हणण्याआधी चाल बघायची. सांबर आणि रोही यांत नुसत्या खुरावरून गल्लत होते. तिथं लेंडीची मदत घ्यायची.

लेंड्यांचा विषय काढलास की वर्ग हसेल. हसू दे. दहा मिनिटं हसून झाली की त्यांना त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो, तिथं ढीग साचतो. ‘गाव हागणदारीमुक्त झालं, रोही अजून झाला नाही’ एवढं म्हटलंस की रोह्याची खूण पोरांच्या कायमची लक्षात राहील. चौसिंगाही तसाच एका जागी येतो, पण लेंडी बारीक आणि जागा झाडीतली. सांबर-चितळ चरता चरता टाकत जातात, ढीग लावत नाहीत.

इथंही मोजमाप घरच्या शेळीचंच. चितळाची लेंडी शेळीच्या जवळपास, पण एका टोकाला बारीक निमुळती आणि दुसऱ्या टोकाला गोल किंवा किंचित दबलेली. सांबराची मोठी. सशाची गोल, चपटी, वाळल्या गवताच्या रंगाची, मोडली तर आत नुसता चारा. सायाळीची लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कधी एकमेकींना चिकटलेल्या. जवळ एखादा काटा पडलेला असतोच. रानगव्याचा पो गाईसारखाच, पावसाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात घट्ट. रानडुकराची गोळे एकमेकांवर दाबल्यासारखी, पण त्याची खरी खूण म्हणजे शेजारची उकरलेली जमीन.

मांसाहारी प्राण्यांची विष्ठा वाटेच्या मध्यावर, दगडावर किंवा दोन वाटा मिळतात तिथं दिसते. ती लपवलेली नसते, कारण ती दुसऱ्या जनावरासाठी ठेवलेला निरोप असतो. वाघ आणि बिबट शेजारी मागच्या पायानं माती ओरबाडून ठेवतात. आत केस असतात, हाडांचे तुकडे असतात. बिबट्याची जास्त पिळदार, जवळजवळ गाठी पडलेली. वाघाची कमी पिळाची, दोन गाठींमधलं अंतर जास्त. तरसाची वाळली की खडूसारखी पांढरी होते, कारण तो हाडं चावून खातो आणि चुना बाहेर पडतो. वाघ-बिबट्याचीही जुनी झाली की पांढरट दिसते, पण तिच्यातले केस तेव्हाही शाबूत असतात. रानकुत्र्यांचा सगळा कळप वाटांच्या चौकात एका जागी घाण करतो. लहान-मोठ्या पुष्कळ विष्ठा एकत्र दिसल्या तर त्यांचीच समज.

अस्वलाची आणि उदमांजराची विष्ठा म्हणजे बियांचं दुकान. उन्हाळ्यात अस्वलाच्या ढिगात टेंभुर्णीच्या बिया, मोहाचा चोथा, जूनमध्ये जांभळाच्या बिया, आणि बहाव्याच्या चपट्या चकचकीत बिया मिळतात. इतर दिवसांत वाळवीची डोकी आणि माती. बोरांच्या दिवसांत कोल्ह्याच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या असतात. अशी एखादी गावाच्या शिवारात मिळाली तर हातमोजे घालून तू स्वतः, पोरांच्या हातून नव्हे, बिया उचल, कुंडीतल्या मातीत दाब आणि रोज पाणी घालायला पोरांची पाळी लाव. महिना-दीड महिन्यानं काय उगवलं त्यावरून कोण काय खाऊन गेलं ते पोरं ओळखतील. जंगल लावतं कोण, याचा धडा मग फळ्यावर लिहावा लागत नाही.

हात लावायचा नाही, हा नियम मात्र सैल करू नको. काडीनं बाजूला करून बघायचं, नाक जवळ न्यायचं नाही, वाळलेली विष्ठा फोडून धूळ उडवायची नाही. कुत्रा-कोल्ह्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात, ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी होतात. परत आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. चितळ-सशाच्या वाळलेल्या लेंड्या वहीवर चिकटवून ठेवायची पोरांना हौस असते. मी त्याच्याही विरुद्ध आहे, चित्र काढायला सांग.

वासाची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. वाघ झाडाच्या खोडावर फवारा मारून आपली हद्द सांगतो. तिथून जाताना कधी कधी घमघमीत भात शिजल्यासारखा वास येतो. लोकांना वाटायचं आम्ही थापा मारतो. पुढे कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिलं की बासमतीला ज्या रसायनाचा वास असतो तेच वाघाच्या फवाऱ्यात आहे. आपल्याकडच्या धान पिकवणाऱ्या पोरांना चिन्नोर तांदळाचा वास पाठ असतो. ‘रानात चिन्नोर शिजल्याचा वास आला तर काय करायचं?’ असं विचार. उत्तर एकच: पाठीमागे फिरायचं.

ठसा केव्हाचा, हे सांगता येणं हीच यातली खरी विद्या, आणि ती पुस्तकात बघून येत नाही. दवाचे थेंब ठशाच्या आत पडलेले असतील तर जनावर दव पडायच्या आधी गेलं. ठशानं दव पुसलेलं असेल तर नंतर. ठशावरून मुंगीची, भुंग्याची वाट गेली असेल तर रात्र उलटलेली. कडा धारदार तर ताजा, ढासळलेल्या तर जुना. पण वारा आणि ऊन यांनी दोन तासांतही कडा जातात. म्हणून एक सवय लाव. ठशाशेजारी त्याच मातीत आपला अंगठा दाबायचा. दोन्ही सारखेच ओलसर आणि धारदार दिसले तर जनावर जवळपास आहे असं धरून तिथून निघायचं. शाळेत याचा सराव करता येतो. संध्याकाळी पट्ट्यावर एक पाऊल उमटवून ठेवायचं, सकाळी शेजारी दुसरं, मधल्या सुट्टीत तिसरं, आणि नवीन पोराला क्रम लावायला सांगायचं. विष्ठेचंही तसंच. ताज्यावर माश्या आणि फुलपाखरं बसतात, शेणकिडे लगेच कामाला लागतात. जुनीला वाळवी लागते.

बघायची वेळ सकाळची, ऊन तिरपं असताना. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून, सूर्याकडे तोंड करून बघितलं की खळग्यातली सावली दिसते. बारा वाजता तीच वाट कोरी वाटते. हिवाळ्यात आठ-साडेआठलाही ऊन चांगलं तिरपं असतं, त्यासाठी पोरांना अंधारात बाहेर काढायची गरज नाही. काढूही नको.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. पोरांना घेऊन फिरायचं ते गावाच्या शिवारात, पांदणीवर, बोडीच्या काठावर, आणि तेही आधी वनरक्षकाला विचारून. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी जाता येत नाही, ते बरंच आहे. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. पोरं ठसा बघायला वाकली की कोणीतरी उभं राहून चारी बाजूंना बघत राहायचं. तेंदू तोडताना, मोह वेचताना वाकलेल्या माणसावर जनावर येतं, हे आपल्या भागात सांगायला नको. ताजा ठसा मिळाला आणि पोरांनी माग काढायचा हट्ट धरला तर उलटा माग काढायचा. जनावर जिकडे गेलं तिकडे नाही, जिकडून आलं तिकडे चालायचं. शिकायला तेवढंच मिळतं: कुठे थांबलं, कुठे बसलं, कुठे पाणी प्यालं. लहान-मोठे पंजे एकत्र, मेलेल्या जनावराचा वास, एका जागी घिरट्या घालणारे कावळे-गिधाडं, किंवा ओरडणारी माकडं, यातलं काहीही आलं की धडा संपला. त्यावर चर्चा नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे पोरांना एकटं पाठवू नका, हेही घरोघरी सांग. अस्वलाला मोह आपल्याइतकाच प्रिय.

तुझी ती मैत्रीण जुन्नरकडे शाळेवर आहे ना? तिला हेच सांग, फक्त तिथं वाघ-अस्वल नको, बिबट आणि कुत्रं एवढ्यावरच जोर दे म्हणावं. तिकडे बिबटे उसातच वाढतात, पिल्लंही उसातच होतात. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्याच तालुक्यात आहे. उसाच्या फडाच्या कडेला ताजा पंजा ओळखून मोठ्यांना सांगणारं पोर तिथं फार मोलाचं.

घरी काय आणायचं नाही, तेही एकदा नीट सांगून टाक. सांबराचं गळून पडलेलं शिंग, नख, कातडीचा तुकडा, काही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि वर्गातलं एखादं शिंग बघून पोरांना वाटतं की गोळा करणं म्हणजेच जंगल शिकणं. सायाळीचा काटाही बघून तिथंच ठेवायचा. आणायचीच हौस असेल तर ठशाचं प्लास्टर आणायचं.

त्याची कृती सोपी आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती रोवायची, टोकांना क्लिप लावायची. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी, प्लास्टर पाण्यात घालत ढवळायचं, उलटं नाही. भज्याच्या पिठाइतकं दाट झालं की ठशावर थेट न ओतता कडेला ओतून आत वाहू द्यायचं, नाहीतर बोटांच्या खुणा मोडतात. अर्धा तास थांबायचं. घट्ट होताना ते चांगलं गरम होतं, त्यामुळे पोरांना त्यात हात बुडवून बसू देऊ नको. उचलल्यावर लगेच माती घासायची नाही, रात्रभर वाळू दे, दुसऱ्या दिवशी जुन्या ब्रशनं साफ कर. मागे तारीख, जागा, मातीचा प्रकार आणि ओळखणाऱ्याचं नाव लिही. जनावराचं नाव पेन्सिलीनं लिही, म्हणजे पुढे कोणी जास्त जाणकार आला तर खोडता येईल.

वाघ-बिबट्याचा ताजा ठसा गावाजवळ मिळाला तर आधी वनरक्षकाला फोन, तो लागला नाही तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर. त्यानंतर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. उलट्या क्रमानं केलंस तर वनरक्षक येईपर्यंत अर्धं गाव त्या ठशावरून चालून गेलेलं असेल.

प्लास्टर चंद्रपूरहून मागवशील तेव्हा पाच किलोची पिशवी माग. किलोभर पहिल्याच दिवशी सांडणार आहे.